जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : ग्राफिक्स ड्रायव्हरचे अनुभव

दहा-पंधरा वर्षं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की वायफाय, आवाज, टचपॅड हे बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. घोडं अडतं ते ग्राफिक्सपाशी. बूट झाल्यावर काळी स्क्रीन, १०२४ × ७६८ वर अडकलेलं रिझोल्यूशन, सस्पेंडमधून परत न येणारा डिस्प्ले, साधा व्हिडिओ लावला तरी घोंघावणारा पंखा. ज्यांनी ज्या चिपवर काम केलंय त्यांनी त्या चिपबद्दल लिहावं. कोणती चिप, कोणता ड्रायव्हर, काय बिघडतं आणि का, एवढं नेमकं आलं तरी पुढच्याचे कष्ट वाचतील. (कमांड इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.)

आधी चिप ओळखा

ड्रायव्हर शोधायच्या आधी 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. 'व्हीजीए' किंवा '३डी कंट्रोलर' लिहिलेल्या ओळीत चौकटी कंसात दोन सांकेतिक आकडे दिसतील. पहिला कंपनीचा : ८०८६ इंटेल, १००२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया. दुसरा चिपचा. शोध घ्यायचा तो या दुसऱ्या आकड्यावरून. लॅपटॉपवरच्या स्टिकरवर विसंबू नका, कारण एकाच मालिकेच्या नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप्स विकल्या गेल्यात. रेडिऑन एचडी ७६७०एम आणि एचडी ७७३०एम सख्ख्या बहिणी वाटतात, पण पहिली एएमडीच्या जुन्या टेरास्केल पिढीची आणि दुसरी तिच्यानंतरच्या जीसीएन पिढीची. दोघींचे पर्याय वेगळे आहेत.

त्याच माहितीत खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. तिथे आय९१५, रेडिऑन, एएमडीजीपीयू किंवा नूवो (एनव्हिडिया चिप्सचा मुक्त ड्रायव्हर) दिसत असेल तर कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम झालेलं आहे. मग 'मेसा-यूटिल्स' पॅकेज टाकून 'जीएलएक्सइन्फो -बी' (हा बी कॅपिटल) चालवा आणि रेंडररची, म्हणजे चित्र कोण काढतोय ते सांगणारी, ओळ वाचा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' आलं तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय आणि ग्राफिक्स चिप नुसती बसून आहे. पंखा घोंघावण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

'जीएलएक्सगिअर्स' या चाचणीतले ६० फ्रेम पाहून कोणताही निष्कर्ष काढू नका. तो स्क्रीनचा रिफ्रेश रेट आहे.

काळी स्क्रीन

बूट होताना शिफ्ट दाबून ठेवा (जुन्या बायोसऐवजी यूईएफआय असेल तर एस्केप दाबा) म्हणजे ग्रबचा, म्हणजे बूट लोडरचा, मेनू येतो. 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो आणि तो तेवढ्यापुरताच राहू द्यावा. बरेच जण डेस्कटॉप दिसला म्हणून 'नोमोडसेट' ग्रबच्या फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवतात. पण त्याने कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर डिस्प्लेचा ताबाच घेत नाही, म्हणून रिझोल्यूशन अडकतं, ब्राइटनेस चालत नाही आणि वर लिहिलेलं एलएलव्हीएमपाइप येतं. आत शिरल्यावर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' चालवा. आधीच्या, म्हणजे फसलेल्या बूटचा कर्नल लॉग मिळतो आणि खरं कारण त्यात असतं.

इंटेल

इथे वेगळा ड्रायव्हर उतरवून घ्यायची गरजच नसते. कर्नलमध्ये आय९१५ आणि मेसामध्ये (३डी चित्र काढणाऱ्या लायब्ररीत) चिपच्या पिढीनुसार योग्य तो भाग असतो : जीएमए ९५० सारख्या तिसऱ्या पिढीला आय९१५, चौथीपासून हॅसवेलपर्यंत क्रोकस, ब्रॉडवेलपासून पुढे आयरिस (सँडी ब्रिज, हॅसवेल, ब्रॉडवेल ही इंटेल प्रोसेसरच्या पिढ्यांची नावं). २०२२ साली मेसा २२.० मधून जुने 'क्लासिक' ड्रायव्हर काढले गेले. त्याआधीच्या लेखांत 'आय९६५ ड्रायव्हर निवडा' असं लिहिलेलं सापडेल, ते आता लागू नाही.

घोळ होतो तो एक्सऑर्गच्या, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरच्या, थरात. 'एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-व्हिडिओ-इंटेल' हे पॅकेज चौथ्या पिढीपासून पुढे शक्यतो काढून टाका. ते काढलं की एक्सऑर्ग आपोआप 'मोडसेटिंग' वापरतो आणि अक्षरं गायब होणं, मेनूचे तुकडे मागे राहणं हे प्रकार सहसा थांबतात. ९४५ चिपसेटवर मात्र जुना इंटेल ड्रायव्हरच बरा, कारण मोडसेटिंगचं ऍक्सिलरेशन त्या चिपच्या शेडरच्या मर्यादेत नीट बसत नाही. तिथे टेअरिंग (चित्र आडवं फाटल्यासारखं दिसणं) होत असेल तर '/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी/'मध्ये छोटी फाइल करून डिव्हाइस सेक्शनमध्ये ड्रायव्हर 'इंटेल' आणि ऑप्शन 'टेअरफ्री' 'ट्रू' एवढंच लिहा. इंटरनेटवरची चाळीस ओळींची फाइल आणून टाकू नका. त्यातला एखादा जुना पर्याय एक्सऑर्गला सुरूच होऊ देत नाही.

चौथी आणि पाचवी पिढी ओपनजीएल या ग्राफिक्स मानकाच्या २.१ आवृत्तीवर थांबते. सँडी ब्रिजला ३.३ मिळतं, हॅसवेलला ४.६. एखादं सॉफ्टवेअर ३.३ मागत असेल तर जीएमए ४५०० वर कोणताही ड्रायव्हर ते देऊ शकणार नाही. जीटीके ४ वर (खिडक्या-बटणं बनवण्याच्या टूलकिटवर) बांधलेले नवे ऍप अशा मशीनवर अडखळत असतील तर 'जीएसके_रेंडरर=कैरो' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून पाहा.

इंटेलमध्ये एक भर

९४५ आणि ९६५ चिपसेटच्या काही लॅपटॉपवर नसलेलं टीव्ही आउटपुट 'जोडलेलं' दिसतं. कर्नल दोन पडदे आहेत असं समजतो आणि लॉगिनची खिडकी भलतीकडेच जाते किंवा रिझोल्यूशन लहान होतं. 'एक्सरँडआर' या कमांडच्या यादीत न जोडलेला टीव्ही दिसला तर ग्रबच्या ओळीत 'व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी' लिहा. यातला 'डी' म्हणजे ते आउटपुट बंद ठेव.

एएमडी, जुन्या एटीआयसकट

पहिली गोष्ट : 'एफजीएलआरएक्स' किंवा 'कॅटलिस्ट' (एएमडीचा स्वतःचा जुना ड्रायव्हर) बसवा असं सांगणारा कोणताही लेख बंद करा. तो ड्रायव्हर नव्या एक्सऑर्गवर चालत नाही आणि उबंटूने तो १६.०४ पासूनच वगळला. एचडी २००० ते एचडी ६००० या टेरास्केल चिप्सना कर्नलचा 'रेडिऑन' ड्रायव्हर हाच पर्याय आहे, आणि तो चांगला आहे.

इथलं नेहमीचं दुखणं फर्मवेअरचं. या चिप्सना सुरू होताना कर्नलकडून छोट्या बायनरी फाइल लागतात. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये) रेडिऑनसोबत 'फेल्ड टू लोड फर्मवेअर' दिसलं तर डेबियनवर 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' टाका. डेबियन १२ पासून (२०२३) हे पॅकेज 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात आहे. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या मशीनवर सोर्सेस फाइलमध्ये तो विभाग जोडायचा राहतो, मग पॅकेज सापडतच नाही. टाकल्यावर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवायला विसरू नका. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइल-संचातून) लवकर लोड झाला तर डिस्कवरची फाइल त्याला त्या वेळी दिसत नाही.

जीसीएनच्या पहिल्या दोन पिढ्यांना रेडिऑन आणि एएमडीजीपीयू हे दोन्ही चालतात. व्हल्कन (ओपनजीएलनंतरचं नवं ग्राफिक्स मानक) हवं असेल तर एएमडीजीपीयू लागतो. आधी एलएसपीसीआयमध्ये पाहा, एएमडीजीपीयू आधीच लागू असेल तर काही करू नका. नसेल तर ग्रबच्या ओळीत पहिल्या पिढीसाठी 'रेडिऑन.एसआय_सपोर्ट=० एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१', दुसरीसाठी 'एसआय'च्या जागी 'सीआयके'. दोन्ही भाग एकत्र द्या. रेडिऑनला नको सांगितलं आणि एएमडीजीपीयूला हो सांगितलं नाही तर चिपला ड्रायव्हरच उरत नाही.

एनव्हिडिया : कोणती शाखा

इथे चूक महागात पडते, म्हणून सविस्तर. कंपनीचा बंद (म्हणजे सोर्स कोड खुला नसलेला) ड्रायव्हर पिढीनुसार शाखांमध्ये थांबलेला आहे :

३०४ : जीफोर्स ६ आणि ७ मालिका, आधार २०१७ अखेर संपला.
३४० : ८, ९, १००, २००, ३०० मालिका (टेस्ला), २०१९ अखेर. शेवटची आवृत्ती ३४०.१०८.
३९० : ४०० आणि ५०० (फर्मी), २०२२ अखेर. ३२ बिट लिनक्सला चालणारी शेवटची शाखा हीच.
४७० : ६०० आणि ७०० (केप्लर), २०२४ पर्यंत.

मालिकेच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. ८२०एम नावाने नवीन वाटते, पण आत फर्मी आहे, म्हणजे ३९०.

आधार संपला याचा प्रत्यक्ष अर्थ असा की कर्नलची अंतर्गत रचना दर आवृत्तीत बदलते आणि बंद ड्रायव्हरचा कर्नलशी जोडणारा भाग त्याप्रमाणे कोणी अधिकृतपणे दुरुस्त करत नाही. मग कर्नल अपडेट झाल्यावर डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारी यंत्रणा) मॉड्यूल बांधू शकत नाही आणि पुढच्या बूटला काळी स्क्रीन येते. 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये चालू कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' हवं. नुसतं 'ऍडेड' असेल तर बांधणी झालेली नाही. आधी कर्नल हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नेमक्या त्याच आवृत्तीचे आहेत का ते पाहा. असतील तर '/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया/'खाली बिल्ड फोल्डरमधली 'मेक.लॉग' उघडा आणि पहिली एरर वाचा. शेवटची नव्हे, कारण नंतरच्या बहुतेक तिच्यातूनच निपजलेल्या असतात.

माझं मत स्पष्ट आहे : ३०४ आणि ३४० च्या चिप्सवर नूवो वापरा. ३९० आणि ४७० वापरायचेच असतील तर दीर्घ आधाराचा कर्नल ठेवा, डिस्ट्रोचं पॅकेज घ्या आणि कंपनीच्या साइटवरची '.रन' फाइल त्यावर चालवू नका. ती डिस्ट्रोच्या फाइलींवर स्वतःच्या फाइली लिहिते आणि पुढचं अपडेट अर्धवट मिश्रण करून ठेवतं. चालवून झालीच असेल तर आधी 'एनव्हिडिया-अनइन्स्टॉल', मगच पॅकेज.

बंद ड्रायव्हरसाठी नूवो ब्लॅकलिस्ट करताना, म्हणजे तो लोडच होऊ नये असं सांगताना, 'मॉडप्रोब.डी'मधली फाइल लिहिणं हे अर्धंच काम आहे. इनिटरॅमएफएस पुन्हा बांधेपर्यंत नूवो आधीच लोड होत राहतो. डेबियन-उबंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', फेडोरावर 'ड्राकट --फोर्स', आर्चवर 'एमकेइनिटसीपीआयओ -पी' (हा पी कॅपिटल).

३९० वर वेलँडच्या (एक्सऑर्गच्या जागी येणाऱ्या नव्या डिस्प्ले पद्धतीच्या) नादी लागू नका. त्याला सहसा लागणारी जीबीएमची सोय ४९५ पासून आली. एक्सएफसीई किंवा माते हा डेस्कटॉप घ्या आणि एक्सऑर्गवर राहा.

सिक्युअर बूट

२०१२ नंतरच्या मशीनवर सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सुरू असेल तर मॉड्यूल बांधलं गेलं तरी 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येऊ शकतं. मॉड्यूलवर ओळखीची सही नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'मोकयूटिल --इम्पोर्ट'ने की नोंदवा, पासवर्ड लक्षात ठेवा, रीबूटनंतरच्या निळ्या पडद्यावर 'एनरोल' निवडा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो आणि निसटला तर नोंदणी पुन्हा करावी लागते. नूवोला यातलं काही लागत नाही.

नूवो संथ वाटतो त्यांच्यासाठी

नूवो चिपला बूटच्या वेळच्या कमी क्लॉकवर, म्हणजे कमी वेगावर, सोडतो, संथपणा तिथून येतो. टेस्लाच्या बऱ्याच चिप्स आणि केप्लर यांचा क्लॉक हाताने वाढवता येतो. रूट होऊन '/सिस/कर्नल/डीबग/डीआरआय/०/पीस्टेट' ही फाइल वाचा. ०३, ०७, ०एफ असे स्तर आणि शेवटी 'एसी' ओळीत सध्याचा वेग दिसतो. हवा तो स्तर 'एको'ने त्याच फाइलमध्ये लिहा. एकदम वरच्या स्तरावर उडी नको. मधला लावून तापमान 'सेन्सर्स'ने पाहा, मग पुढे जा. मेमरीचा क्लॉक बदलताना स्क्रीन गोठू शकते, म्हणून आधी उघड्या फाइली सेव्ह करा. मशीन स्थिर राहिलं तरच 'नूवो.कॉन्फिग=एनव्हीक्लॉकमोड=१५' हे बूटच्या ओळीत टाका (यातला 'क्लॉक' मूळ नावात सीएलके असा आहे आणि १५ म्हणजे ०एफ). फर्मीवर हे करू नका, तिथलं काम अपुरं आहे.

ब्राउझरमुळे नूवो गोठत असेल तर ब्राउझरमधलं हार्डवेअर ऍक्सिलरेशन बंद करा.

दोन चिप्सचे लॅपटॉप (ऑप्टिमस)

ऑप्टिमस म्हणजे इंटेल आणि एनव्हिडिया या दोन्ही चिप्स असलेली रचना. बहुतेकांमध्ये पडदा इंटेलला जोडलेला असतो आणि एनव्हिडिया फक्त चित्र तयार करून इंटेलकडे देते. म्हणून अशा मशीनवर इंटेलचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला की अंधार होतो.

गेम खेळायचे नसतील तर सगळ्यात शांत मार्ग : बंद ड्रायव्हर नको, नूवो राहू द्या. वापर नसेल तर तो काही सेकंदांत दुसरी चिप झोपवतो. '/सिस/कर्नल/डीबग/व्हीजीएस्विचरू/स्विच' वाचल्यावर 'डायनऑफ' दिसलं की ती बंद आहे, बॅटरीत फरक पडतो. एखादा प्रोग्राम त्या चिपवर चालवायचा तर त्याच्या आधी 'डीआरआय_प्राइम=१' लावा. मशीन सस्पेंडनंतर गोठत असेल तर 'नूवो.रनपीएम=०' लावून तपासा, मात्र मग चिप सतत जागी राहते.

बंद ड्रायव्हरवर प्रोग्रामपुरती चिप निवडण्याची सोय ४३५ पासून आहे. म्हणजे ४७० वर ती मिळते, ३९० वर नाही. फर्मीवाल्यांना 'प्राइम-सिलेक्ट'ने पूर्ण बदल किंवा बंबलबी हे वेगळं साधन, हेच दोन रस्ते. टेअरिंगसाठी 'एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१'.

जीएमए ५००, जीएमए ३६००

नाव इंटेलचं, आतली चिप पॉवरव्हीआरची. कर्नलचा 'जीएमए५००_जीएफएक्स' पडद्याचं योग्य रिझोल्यूशन देतो, ३डी ऍक्सिलरेशन देत नाही. हलका विंडो मॅनेजर ठेवा आणि वेळ दुसरीकडे लावा.

व्हिडिओ

डेस्कटॉप सुरळीत आणि यूट्यूब मात्र अडखळतं, तेव्हा ड्रायव्हर बरोबर असूनही कोडेक (व्हिडिओ दाबण्याची-उलगडण्याची पद्धत) चुकीचा असतो. सँडी ब्रिज एच.२६४ हार्डवेअरमध्ये उलगडतो, व्हीपी९ किंवा एव्ही१ नाही, आणि साइट नेमकं तेच पाठवते. 'व्हीएइन्फो' चालवून यादी पाहा. इंटेलमध्ये हॅसवेलपर्यंत 'आय९६५-व्हीए-ड्रायव्हर' लागतो. 'इंटेल-मीडिया-ड्रायव्हर' ब्रॉडवेलपासूनचा आहे, तो जुन्यावर टाकून काही होत नाही. ब्राउझरमध्ये 'एच२६४इफाय' एक्स्टेन्शन टाकलं की साइट एच.२६४ पाठवते. लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ असेल तर ७२०पी पुरेसं आहे.

ब्राइटनेस आणि खरा बिघाड

ब्राइटनेसची बटणं चालत नसतील तर '/सिस/क्लास/बॅकलाइट'मध्ये काय आहे ते पाहा. दोन नोंदी असतील तर डेस्कटॉप चुकीची हलवत असतो. 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह', मग 'व्हेंडर', मग 'व्हिडिओ' या क्रमाने एकेक लावून तपासा.

पडद्यावर उभ्या रेघा, ठिपके किंवा रंगांचे चौकोन येत असतील तर ड्रायव्हर बदलण्याआधी बायोस उघडा. तिथेही ते दिसले तर दोष चिपचा, मेमरीचा किंवा केबलचा आहे. पडदा हळूहळू उघड-मीट करताना रेघा बदलल्या तर बिजागरातली केबल. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावरही तेच चौकोन दिसले तर चिप किंवा तिची मेमरी. दोन चिप्सच्या मशीनमध्ये वेगळी चिप खराब असेल आणि पडदा इंटेलला जोडलेला असेल, तर 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=नूवो' (एएमडी असेल तर 'रेडिऑन' किंवा 'एएमडीजीपीयू', जो लागू असेल तो) ग्रबमध्ये लिहून नुसत्या इंटेलवर मशीन पुढे वापरता येतं. ब्लॅकलिस्ट केलेली चिप ड्रायव्हरशिवाय वीज खात राहते, त्यामुळे बायोसमध्ये ती बंद करण्याचा पर्याय असेल तर आधी तो वापरा.