नवीन कास्टिंगच्या डेव्हलपमेंटमध्ये एआयवर कितपत विसंबायचं?

शिरोलीकर: एफजी 260 चं (ग्रे आयर्नचा एक ग्रेड) 14 किलोचं हाउसिंग डेव्हलपमेंटला आलंय. ग्रीन सँड म्हणजे ओलसर वाळूचा साचा, आतल्या पोकळीसाठी दोन कोअर. भिंत 8 मिमी, बेअरिंग बॉसपाशी (बेअरिंग बसतं तो जाड उंचवटा) 35. एआय चॅटला विचारलं तर आकुंचन 2 टक्के धरतंय आणि बॉसवर भला मोठा रायझर (गोठताना धातू पुरवणारा साठा) सांगतंय. तसाच पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) करू का? सॅम्पल लॉटच्या रिजेक्शनला तरी याचा उपयोग होईल का?

उद्यमनगर पॅटर्न: 2 टक्के स्टीलचं, भावा. ग्रे आयर्नला साधारण 1 धरतात. 300 मिमीच्या मापाला कास्टिंग 3 मिमी मोठं येईल, बॉसचं सेंटर हलेल. रायझरचंही तसंच. ग्रे आयर्न गोठताना ग्रॅफाइट फुगतं, साचा घट्ट ठोकलेला असेल तर आकुंचन बरंचसं तिथंच भरून निघतं. स्टीलचा हिशोब लावलास की यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला कास्टिंगचा वाटा, बुडालं. एआयकडून मॉड्युलस (घनफळ भागिले थंड होणारं क्षेत्रफळ) काढून घेतलास तर बघ, बॉस भिंतीला जिथं जुळतो तो भाग थंड होत नाही, त्यामुळं क्षेत्रफळात धरायचा नाही. तो धरला की मॉड्युलस खोटाच कमी दिसतो. रायझरची जागा सिम्युलेशनवरच ठरव.

गोकुळ शिरगाव क्यूए: रिजेक्शनला उपयोग आहे, पण नोंदी धड पाहिजेत. हीट नंबर (भट्टीतल्या वितळीचा क्रमांक), ओतताना तापमान, वाळूचा ओलावा, दोष, दोषाची जागा. सगळ्यालाच ‘पोरॉसिटी’ (भोकं) लिहिलं तर एआय काय ओळखणार कपाळ? भोक आतून गुळगुळीत असेल तर गॅस, खडबडीत असेल तर श्रिंकेज, म्हणजे आकुंचनाचं. आणि सगळ्या हीट 1390 ते 1400 मध्येच ओतल्या असतील तर तापमानाचा परिणाम त्या आकड्यांत नाहीच. तरी ते उत्तर देतंच, तेही ठासून.

शिरोलीकर: मग ट्रायल कशी लावू?

गोकुळ शिरगाव क्यूए: तापमान 1370 आणि 1410, ओलावा 3 आणि 3.6 टक्के. चार जोड्या, प्रत्येकी 15 साचे. क्रम एआयकडून उलटसुलट करून घ्या, नाहीतर दुपारच्या गरम परतीच्या वाळूचा दोष ओलाव्यावर जाईल. 1370 साठी लाडल (धातू ओतायचं भांडं) थंड होईपर्यंत थांबू नका, भट्टीतूनच कमी तापमानाला धातू टॅप करा. थांबलात तर इनॉक्युलेशन (ग्रॅफाइट नीट बनावं म्हणून घातलेल्या पुडीचा परिणाम) उतरतं, 8 मिमीच्या भिंतीत चिल, म्हणजे कडक पांढरं लोखंड, येतो.

कागल मेथडिंग: ग्राहकाचं ड्रॉइंग फुकटच्या चॅटवर चढवू नका, करार बघा. हार्डनेस कुठं मोजायचा, लीक टेस्ट किती बारला, डेट कोड कुठं, असं ड्रॉइंगवर काय राहिलंय त्याची यादी मात्र नुसत्या वर्णनावरनंही झकास निघते. ती पॅटर्न कापायच्या आधी ग्राहकाला मेल करा.