भाषा विभागातले कार्यक्रम : फोटोत न आलेलं लिहा

विद्यापीठातल्या भाषा आणि साहित्य विभागांत वर्षभर काही ना काही चालू असतं. २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन, २१ मार्चला कविता दिन, ३० सप्टेंबरला अनुवाद दिन, अधूनमधून नाटक, चित्रपट, अभिवाचन. फोटोंत सगळे सारखेच दिसतात: मागे बॅनर, पुढे रांगेत उभी माणसं. त्यापलीकडचं लिहा. विद्यार्थी, शिक्षक, नुसते प्रेक्षक, कुणीही.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे परदेशी चित्रपटांची सबटायटल्स विद्यार्थ्यांनीच करायची असं ठरलं. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, त्याही फार तर सहा-सात सेकंद. नायिका भांडताना श्वास घेत नाही आणि आपल्याला तिचं निम्मं बोलणं छाटायचं असतं. काय छाटायचं यावरून आमच्यात जी जुंपली, ती चित्रपटातल्या भांडणापेक्षा रंगली! परीक्षेसाठीसुद्धा कुणी संवाद इतके बारकाईने वाचले नसतील. प्रत्यक्ष खेळात आणखी एक कळलं: ओळ क्षणभर आधी उमटली तर प्रेक्षक नटाच्या आधी हसतात, आणि मग तो बिचारा विनोद करतो तेव्हा शांतता.

*

मी प्रेक्षकांतला. विज्ञान शाखेचा, मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून गेलो. १८ डिसेंबर, अरबी भाषा दिन. (१९७३ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी अरबीला अधिकृत भाषांत घेतलं.) भाषणं असतील असं वाटलं होतं, पण थेट हातात बोरू दिला. टोक तिरकं छाटलेलं. बराच वेळ अक्षर नाहीच, नुसते ठिपके. टोक टेकवून जरासं ओढलं की पत्त्यातल्या चौकटसारखा ठिपका उमटतो आणि अलिफ, म्हणजे अरबीतलं पहिलं, उभ्या रेघेसारखं अक्षर, किती उंच हवा ते त्या ठिपक्यांनी मोजायचं. ही मापं दहाव्या शतकातल्या इब्न मुक्ला या सुलेखनकाराच्या नावावर आहेत.

लिहायचं उजवीकडून डावीकडे, म्हणजे आम्हा डावखुऱ्यांचा हात ओल्या शाईवरून जाणार नाही, म्हणून मी खूश. पण बोरूची छाट उजव्या हाताची निघाली! शिकवणाऱ्या बाईंनी मुकाट्याने माझ्यासाठी दुसरा उलटा छाटून दिला.

*

मी शिकवतो, त्यामुळे आयोजनाच्या बाजूने लिहितो. हजेरीच्या धाकाने सभागृह भरतं, पण ऐकणारे मिळत नाहीत. पाहुण्यांची ओळख त्यांच्या भाषणाएवढी लांबते आणि मुलांचं काव्यवाचन येईपर्यंत मागच्या रांगा रिकाम्या. आम्ही क्रम फिरवला: वाचन आधी, पाहुणे नंतर, आणि पाहुण्यांनी बोलायचं ते ऐकलेल्या कवितांवरच. एका पाहुण्यांना हे आवडलं नाही, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. आम्ही क्रम तसाच ठेवला.

अनेक भाषांतल्या कविता असतील तर अनुवादाचा कागद आधी वाटू नये. सगळ्यांच्या माना खाली जातात आणि वाचणारा एकटा पडतो. आधी मूळ कविता, मग अनुवाद, मग पुन्हा मूळ. दुसऱ्यांदा ऐकताना लोक वर बघतात. वेळ जास्त लागतो, त्यामुळे कविता कमी घ्याव्या लागतात. ते बरंच आहे.

*

माझा सूर जरा वेगळा. पोशाख, नाच, खाद्यपदार्थांचे स्टॉल झाले की ‘संस्कृती’ उरकली, असं बऱ्याच ठिकाणी पाहिलं. साहित्य विभागाचा कार्यक्रम आणि व्यासपीठावर एक पुस्तक नाही? वरच्या शिक्षकांच्या विभागात यायला आवडेल.

*

आमच्याकडे पुस्तक दिनाला, २३ एप्रिलला, इंग्रजी विरुद्ध स्पॅनिश अशी प्रश्नमंजूषा असते. यंदाचा प्रश्न: शेक्सपिअर आणि स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हान्तेस एकाच दिवशी गेले का? इंग्रजीवाले म्हणाले, हो, २३ एप्रिल १६१६. स्पॅनिशवाले उठलेच. इंग्लंडात तेव्हा जुनं जुलियन कॅलेंडर, स्पेनमध्ये ग्रेगोरियन. तारीख एक असली तरी मध्ये दहा दिवसांचं अंतर. शिवाय सर्व्हान्तेस बहुधा २२लाच गेला, २३ला दफन झालं. इतिहासाच्या एका प्राध्यापकांना प्रेक्षकांतून वर बोलवावं लागलं. शेवटी दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण दिला. स्पॅनिशवाल्यांना तो अजून मान्य नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.