शिंगं काढा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

घाटकरी
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "बारएंड म्हणजे नव्वदच्या दशकातला कचरा. ज्याच्या माउंटन बाइकला अजून शिंगं दिसतील त्याने ती भंगारात द्यावीत, ग्रुपच्या फोटोत लाज वाटते." खाली अंगठ्यांची रांग. रात्री वाचलं आणि झोपेचं खोबरं झालं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: बारएंड उर्फ शिंगं म्हणजे हँडलच्या दोन्ही टोकांना पुढे तोंड करून बसवायचे आखूड दांडे.

माझी सायकल 2011 ची. 26 इंची चाकं, हँडल 580 मिलिमीटर, बारा वर्षं झाली शिंगं लावून. दर रविवारी सिंहगड, महिन्यातून एकदा खंबाटकी घाट ओलांडून वाई, पायात दम उरला तर पसरणी घाट चढून पाचगणी. आधी सरळ हँडलवर दोन-तीन तास झाले की करंगळी आणि अनामिका बधिर. एकदा वाईत उतरून चहाचे पैसे द्यायला गेलो तर खिशातली नाणी बोटांना लागेनात, शेवटी चहावाल्यासमोर खिसाच उलटा केला. डॉक्टर म्हणाले, तळव्याच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली जातेय, हात एकाच जागी ठेवू नका. सरळ दांड्यावर दुसरी जागा आणू कुठून? शिंगं लावली. आता मनगट नमस्काराआधी असतं तसं उभं राहतं. चढावर उभं राहून शिंगं ओढली की अंग आपोआप पुढे येतं, पुढचं चाक हलकं पडत नाही. यात फॅशन कुठे आली हो?

रानवाट
सद्गृहस्थ हजर आहे. भाषा कडक होती, मुद्दा तोच आहे.

580 चं हँडल म्हणजे टॉवेल वाळत घालायची दांडी, त्याला शिंगं शोभत होती. माझं 760 आहे. त्याच्या टोकांना शिंगं लावून हात तिथे ठेवले तर मी शेतातलं बुजगावणं दिसेन. हँडल रुंद झालं, ते सायकलला जोडणारं स्टेम आखूड झालं, तेव्हाच शिंगांचं काम संपलं. शिवाय शिंगावर हात गेला की बोटं ब्रेकवरून गेली, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात.

आणि पायवाट? दोन्ही बाजूंनी घाणेरी माजलेली असते. शिंगात फांदी अडकली की हँडल गर्रकन फिरतं, सावरायला वेळच मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण असाच करवंदीच्या जाळीत गेला. तासभर काटे उपटत बसलो होतो. शेवटचा काटा त्याच्या बायकोने घरी काढला, आणि मग ऍलन की, म्हणजे सहाकोनी चावी, घेऊन शिंगंही काढली.

घाटकरी
उतारावर शिंगं धरा असं मी कुठे लिहिलंय? चढावर ताशी आठच्या वेगाला ब्रेक हवा कशाला, मागे पडू नये म्हणून? 1996 ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग पहिल्यांदा आलं. त्या काळातल्या शर्यतींचे फोटो काढून बघा. ते सगळे वेडे?

रानवाट
तेव्हा धक्के खाणारा पुढचा शॉक जेमतेम अडीच इंच दबायचा. तोही आणायचा का परत?

मधली गल्ली
डोंगराचं तुम्ही दोघं बघा, मी पेठेतला माणूस. ऑफिसला सायकलने जातो, लक्ष्मी रोड टाळता येत नाही. एका संध्याकाळी गर्दीत एका काकूंच्या पिशवीचा बंद माझ्या डाव्या शिंगात अडकला. मला कळलंच नाही. पिशवी फाटली, मेथीची जुडी, कांदे, अर्धा डझन लिंबं रस्त्यावर. उतरून सगळं गोळा केलं. एक लिंबू रिक्षाखाली गेलं, त्याचे पैसे देऊ केले. काकू म्हणाल्या, "शिंगं कशाला लावलीत? बैल आहात का?" मला उत्तर सुचलं नाही. चार वर्षं झाली, अजून सुचलेलं नाही. शिंगं मात्र त्याच रात्री उतरवली.

ढिली चेन
प्रश्नच चुकलाय. सिंहगड डांबरी, खंबाटकी डांबरी, लक्ष्मी रोड तर डांबरीच. मग माउंटन बाइक कशाला?? नक्षीदार जाड टायर भुंग्यासारखे गुणगुणत असतात, पुढे अडीच किलोचा शॉक, त्याला लॉकआउट, म्हणजे दबणं बंद करायची सोय, नाही, दर पॅडलला सायकल उठाबशा काढते. एवढं ओझं ओढून हात दुखले की त्यावर उतारा म्हणून शिंगं! डांबरासाठीची हलकी, सरळ हँडलची हायब्रिड घ्या, नाहीतर रोडबाइक घ्या, तिच्या वाकड्या हँडलवर तर हाताला तीन-चार जागा आपसूक मिळतात.

मधली गल्ली
रोडबाइक? आमच्या गल्लीत या एकदा. पाइपलाइनसाठी खणतात, बुजवतात, वर डांबराचा ठिगळ मारतात, पहिल्या पावसात ठिगळ खाली बसतो. 25 मिलिमीटरचे टायर त्यात घालून दाखवा, रिमचा खर्च तुमचा.

ढिली चेन
मी गेली सहा वर्षं त्याच रस्त्यांवर 28 चे टायर वापरतोय. खड्डा दिसला की बाजूने जायचं, एवढं सोपं आहे.

मधली गल्ली
बाजूने पीएमपीची बस असते.

पगार झाला की
मी हायब्रिडच मागायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हायब्रिडला दीड महिना लागेल, ही बघा, शॉकअप वाली, डिस्क ब्रेक, घाटात मक्खन." मक्खन! घरी आल्यावर वजन केलं, साडेसोळा किलो. आता ती माझीच आहे. पार्किंगमध्ये जागा एका सायकलची, तीही सेक्रेटरीच्या मेहेरबानीने. आता हायब्रिड घ्या म्हणणाऱ्यांनी सायकलबरोबर माळा पण पाठवावा.

ढिली चेन
दुकानात जायच्या आधी माणसाने थोडं वाचायला काय हरकत आहे? सरसकट सगळे फसतात आणि मग

पगार झाला की
वाचलं होतं. तुमच्यासारख्यांनी लिहिलेलं सगळं "आधी लाखभर बाजूला ठेवा"पासून सुरू होतं. आमच्या सायकलला नावं ठेवायला तुमची कार्बन फ्रेम अंगणात उभी राहते का?

ढिली चेन
ॲल्युमिनियम आहे. पण असो, पैशावर आलात म्हणजे मुद्दा संपला.

साताऱ्याची सून
अरे, शिंगांचा धागा होता ना हा? सायकलवरून सोयरीक मोडल्यासारखे काय भांडताय.

ढिली चेनसाठी: मी 300 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राइड, माउंटन बाइकवर केली आहे. मर्यादा 20 तासांची, मला 19 तास 10 मिनिटं लागली. टायर तेवढे गुळगुळीत टाकले, शॉक होता तसाच, आणि शिंगं. रोडबाइकवाले पुढे गेले, आनंद आहे. शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, मी कार्डावर सही नीट केली, दोघांना पेन धरवत नव्हतं.

आता ज्यांना लावायचीच आहेत त्यांच्यासाठी, कारण मी रस्त्यात बघते ती निम्मी शिंगं आभाळाकडे तोंड करून असतात, पोळ्याचा बैल मिरवणुकीला निघाल्यासारखी. साधारण स्टेमच्या रेषेत ठेवा, फार तर थोडी वर. चढावर उभं राहून धरून बघा, मनगट मुडपलं तर कोन चुकलाय. आधी ग्रिप, ब्रेक आणि गिअरचे शिफ्टर दोनेक सेंटिमीटर आत घ्यावे लागतात. ते न करता टोकाला नुसतं अडकवलं तर सटकणार, आणि सटकतं ते नेमकं जोर लावल्यावर. हँडल कार्बनचं असेल तर कंपनीची परवानगी आहे का ते आधी बघा, पोकळ टोक आवळलं की तडकतं. आणि नळीच्या तोंडाला बूच हवंच. माझा भाऊ बिनबुचाच्या शिंगावर पडला, मांडीवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल अजून आहे. घरात कुणी सायकलवरून वाद घातला की तो पायजमा वर करून दाखवतो.

घाटकरी काका, तुम्हालाही एक. हाताच्या मुंग्या गेल्याचं सगळं श्रेय शिंगांना देऊ नका. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं तरी सगळा भार हातावर येतो. तुमचा पाचगणीचा फोटो बघितलाय मी, नाक झुकलेलंच आहे.

घाटकरी
सीट मी मुद्दाम तशी ठेवलीय. कारण इथे सांगण्यासारखं नाही.

...ठीक आहे, काल सरळ करून बघितली. फरक पडला. थोडा. पण शिंगं राहणार.

रानवाट
सूनबाईंपुढे कोण बोलणार. चला, मान्य, ज्यांची माउंटन बाइक आयुष्यात डोंगराची माती बघणार नाही त्यांनी शिंगं लावावीत, झुली पण घालाव्यात.

साताऱ्याची सून
रानवाट, गेल्या महिन्यात वाईला धोम धरणाच्या रस्त्यावर निळ्या हेल्मेटवाले, दर दहा मिनिटांनी थांबून हात झटकणारे, ते तुम्हीच ना? 760 चं हँडल, लगेच ओळखू येतं.

रानवाट
थंडी होती.

मधली गल्ली
मे महिन्यात?

रानवाट
बरं, बधिर झाले होते हात. खूश? पण टोकाला मी काही लावणार नाही. ग्रिपच्या आतल्या बाजूला बसवतात ती आखूड शिंगं मिळतात, अंगठा अडकवायला, ती चालतील. फांदीत अडकणार नाहीत, काकूंच्या पिशवीतही नाही. फक्त लांबच्या डांबरी राइडपुरती. पायवाटेला निघताना उतरवणार.

ढिली चेन
हेच मी म्हणत होतो, लांबच्या डांबरी राइडला हायब्र

पगार झाला की
झालं का सुरू.

घाटकरी
रानवाट, नवी कशाला घेता? माझ्या माळ्यावर जुन्या शिंगांची एक जोडी आहे, आखूडच आहे, आत बसते का बघा. दांडा मध्ये जाड झाला असेल तिथे बसणार नाही, तेवढं मोजून या. रविवारी सात वाजता गडाच्या पायथ्याला घेऊन येतो. ऍलन की 5 ची लागेल. बूच मात्र एकच सापडलं.

साताऱ्याची सून
काका!

घाटकरी
दुसऱ्याला बाटलीचं बूच कापून बसवतो गं, घट्ट बसतं.