एक कॉइल मेली म्हणून आठच्या आठ बदलायच्या का? (जुनी सिटी, आयडीएसआय)

यवतेश्वरकर
गाडी २००६ ची होंडा सिटी, आयडीएसआय. ज्यांना माहीत नसंल त्यांच्यासाठी सांगतो, या इंजिनात ४ सिलेंडरला ८ प्लग आणि ८ इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या) असतात, चार पुढं आणि चार मागं फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या बाजूला. सध्या यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके मारते, आणि गावात फिरवली तर इतकी गुळगुळीत की कुणाला सांगितलं तर खोटं वाटंल. दोन गॅरेजला दाखवली, दोन्हीकडं एकच, साहेब आठच्या आठ टाका विषय संपवा. आता मला सांगा हे निदान झालं का पार्ट खपवणं झालं? कुठली मेलीय ते शोधायचंच नाही, सगळ्याच बदलायच्या, मग मिस्त्रीची गरज काय, ते तर मी पण सांगू शकतो. आपलं मत स्पष्ट आहे, मेलेली शोधा आणि तेवढीच बदला.

मिस्त्री_कोरेगाव
दादा राग मानू नका पण गॅरेजवाल्यानं बरोबर सांगितलंय. साध्या चार कॉइलच्या गाडीत सोपं असतं, स्कॅनर लावला पी ०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिसिंग, म्हणजे तिथं पेट्रोल नीट जळत नाही, त्याची कॉइल तीनवर टाकायची, कोड पी ०३०३ झाला की कॉइलच गेली, नाही हलला तर प्लग नाहीतर इंजेक्टर बघायचा. तुमच्या गाडीत एक कॉइल मेली तरी त्याच सिलेंडरला दुसरा प्लग ठिणगी देतोय, पेट्रोल जळतंय, अर्धवट का होईना. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, मिसिंग कळतच नाही बऱ्याचदा, चेक इंजिनचा दिवा पण लागत नाही. मग आम्ही शोधायचं कशावरून? आणि मागच्या चार काढायच्या म्हणजे वायपर, त्याच्या खालची जाळी सगळं उतरवायचं, अर्धा दिवस जातो. एक बदलून दिली आणि महिन्यात शेजारची गेली की गिऱ्हाईक परत येऊन आमच्याच नावानं बोंबलतंय.

पद्मिनीवाला
आमच्या पद्मिनीला एकच कॉइल होती लगा. एक. गेली की गाडी बंद, निदान संपलं. 😄

यवतेश्वरकर
@मिस्त्री_कोरेगाव, दिवा लागत नाही हे मान्य, पण शोधता येतच नाही हे मान्य नाही. इंजिन बंद करून पुढच्या चारही कॉइलचे कनेक्टर काढायचे आणि गाडी नुसत्या मागच्या चारवर चालू करायची. आता मागं जर एखादी मेलेली असंल तर त्या सिलेंडरला दुसरा आधारच राहिला नाही, गाडी तीनवर धडधडणार आणि कोड पण येणार. मग उलटं करायचं, मागच्या काढून पुढच्यावर. फक्त इंजिन तापलेलं पाहिजे, कारण कॉइलच्या आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावरच दगा देतं, सकाळी थंड गाडीवर सगळ्या आठ एकदम गुणी बाळासारख्या वागतात. आणि कृपा करून मीटर लावून ओहम मोजत बसू नका कुणी, या तीन पिनांच्या कॉइल आहेत, आत इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं सर्किट) असतो, त्या आकड्यावरून काही कळत नाही.

मिस्त्री_कोरेगाव
ही टेस्ट माहितीय आम्हाला. पण मागच्यांचे कनेक्टर काढायला परत जाळी उतरवावीच लागते, मग वाचलं काय? आणि त्या वेळात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जातं, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तापतो, तो बसला तर आठ कॉइलपेक्षा महाग पडंल. शिवाय एवढ्या जुन्या गाडीत कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा खारीसारख्या झालेल्या असतात, हात लावला की तुटल्या, तो खर्च कोण देणार?

यवतेश्वरकर
मिनिटभर आयडलवर ठेवल्यानं कॅट जात नाही हो. महिनोन्‌महिने झटके खात घाट चढवल्यानं जातो. मग तर शोधायची घाई जास्त पाहिजे का नको?

संगमनगर
तुम्ही दोघं कॉइलवरच अडकलाय. आधी प्लग काढून बघा की. प्लग झिजला की गॅप वाढतो, गॅप वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, १२ व्होल्टाचे हजारो व्होल्ट करणाऱ्या कॉइलवर तो सगळा ताण येतो आणि ती तापून तापून मरते. लोक कॉइल नवी टाकतात आणि खाली तोच झिजलेला प्लग ठेवतात, ती नवी पण मरणारच. कॉइलच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटावर काळी रेघ दिसली तर करंट बाहेरून पळतोय समजा, प्लगच्या खड्ड्यात तेल असंल तर सील बघा. आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कधी सेट केलेत? ह्या इंजिनाला ते हातानं सेट करावे लागतात, बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून बघितलेले नसतात, आणि बिघडले की झटके तसेच वाटतात. आठ कॉइल टाकून पण झटके राहिले तर दोन्ही पार्ट्या तोंडावर पडणार.

मिस्त्री_कोरेगाव
@संगमनगर हे मात्र शंभर टक्के. प्लग आठही बदला, त्यात वाद नाही.

माहुलीची_पोर
आमच्याकडं हीच गाडी आहे, आठवड्याला पुणे-सातारा होतं, आणि येताना खंबाटकी चढताना रात्रीच्या ट्रकांच्या रांगेत पिकअप गेला की काय वाटतं ते घाटात अडकलेल्यालाच कळतं. दादा तुमचं तत्त्व बरोबर असंल पण मला तत्त्व घेऊन घाटात उभं राहायचं नाही. मी मागच्या चार नव्या टाकल्या, पुढच्या तशाच ठेवल्या. मागं इंजिनची ऊब कोंडते, पावसात वायपरच्या जाळीतून पाणी तिकडंच ठिबकतं, आणि उघडायचा खर्च पण तिथंच. पुढच्या काय, रस्त्यात पण पाच मिनिटांत बदलता येतात, १० चा पाना बास.

यवतेश्वरकर
ताई, काढलेल्या चारांतल्या तीन चांगल्या असणार, त्या मिस्त्रीनं ठेवून घेतल्या का तुम्हाला दिल्या?

माहुलीची_पोर
मागून घेतल्या. डिकीत आहेत, स्पेअर म्हणून. मेलेली कुठली ते लिहून ठेवलेलं नाही पण 🙈

यवतेश्वरकर
हेच तर म्हणतोय मी!! ती डिकीतली मेलेली उद्या पुढं बसवली की परत शोधत बसा.

पद्मिनीवाला
भंगारातनं आणा की जुन्या, स्वस्त पडतील.

संगमनगर
नका. ती पण तेवढ्याच वर्षांची, तेवढीच शिजलेली. आणि स्वस्तातल्या डुप्लिकेटपेक्षा एकच कंपनीची घेतलेली बरी.

मिस्त्री_कोरेगाव
@यवतेश्वरकर, असं करू. मागची बाजू एकदाच उघडायची, उघडल्यावर तुमची टेस्ट घेऊ, जी मेली असंल ती बदलू, आठ प्लग नवे, टॅपेट चेक. मजुरी मात्र पूर्ण लागंल, एक कॉइल बदलली म्हणून एकाचीच मजुरी असं चालणार नाही. आणि सहा महिन्यांत मागची दुसरी गेली तर परत उघडायची मजुरी पण पूर्ण, तेव्हा वाद नको. गाडी घाट चढवून तापलेलीच घेऊन या, रात्रभर उभी असलेली नको.

यवतेश्वरकर
दुसऱ्यांदा अर्धी मजुरी घ्या, मग येतो.

मिस्त्री_कोरेगाव
मग चारच बदला 😀