अर्धं सत्र संपलं, विषय कुठे अडतोय? (अनुभव धागा)

खडूफळा
टेबलाचा खण आवरताना जुन्या एका सत्रातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हाती लागला, म्हणून हा धागा. वहीच्या पानाचे चार-चार तुकडे, कुणाचंच नाव नाही. एकीवर एवढंच लिहिलेलं, 'सर, तुम्ही हे सोपं आहे म्हणता तिथंच अडते.'

अर्ध्या सत्रात पोरांकडून अशा निनावी चिठ्ठ्या घ्यायची पद्धत अशी. १५ आठवड्यांचं सत्र असेल तर ७व्या किंवा ८व्या आठवड्यात, तासाची शेवटची १० मिनिटं. प्रश्न दोनच: नेमक्या कोणत्या पायरीवर अडलं, आणि वर्गात काय बदलावं. चिठ्ठ्या वाटल्या की आपण बाहेर. वर्गातलीच दोघं गोळा करून, पत्त्यांसारख्या पिसून देतात. आपण समोर उभे असलो तर खरं कुणी लिहीत नाही.

घरी तीन ढीग करायचे. लगेच बदलता येईल ते, या सत्रात जमणार नाही ते, आणि एखाद्याचीच अडचण असेल ती. पुढच्याच तासाला तिन्हींबद्दल वर्गाला सांगायचं, 'जमणार नाही' हेसुद्धा कारणासकट. हे राहिलं तर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात. सत्र संपल्यावरचा अभिप्राय पुढच्या बॅचच्या कामाचा, समोर बसलेल्या पोरांच्या नाही.

तुमच्या विषयात गाडी कुठे अडते?

ब्युरेटवाली
रसायनशास्त्र. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून (खुणांची काचेची नळी) एक द्रावण थेंबथेंब दुसऱ्यात सोडून प्रमाण काढणं. सौम्य सल्फ्युरिक घालताना हात आखडतात. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला की समजायचं, ॲसिड कमी पडलं आणि मँगनीज डायऑक्साइड झालं. ते वाचन टाकून द्यायचं, वरून ॲसिड ओतून दुरुस्ती नाही. (नागपूरकडच्या मनसरच्या खाणीतलं मँगनीज ते हेच, असं सांगितलं की इकडची पोरं विसरत नाहीत.)

दुसरी चूक पहिल्याच थेंबाला होते. गुलाबी रंग लवकर जात नाही, पोरांना वाटतं झाला एंड पॉइंट, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्याची खूण. या क्रियेत तयार होणारं मँगनस हेच तिचं उत्प्रेरक (वेग वाढवणारं), आणि सुरुवातीला ते नसतंच. पहिला थेंब टाकून थांबायचं, रंग गेला की मग पुढचे भराभर जातात. शेवटी फिकट गुलाबी ३० सेकंद टिकला पाहिजे. द्रावण गडद असतं, म्हणून ब्युरेट वरच्या कडेला वाचायचं, खालच्या वक्राला नाही.

इतवारीकर
मॅडम, तापमान राहिलं.

ब्युरेटवाली
हो हो, घाईत सुटलं. ६० ते ७० अंश. उकळू द्यायचं नाही, ऑक्झॅलिक ॲसिड विघटतं आणि वाचन कमी येतं. टायट्रेशन लांबलं आणि फ्लास्क थंड झाला तर मध्येच परत गरम करा.

दोनदोनचार
संख्याशास्त्र. प्रमाण विचलनात (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) भागायचं कशाने, n ने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, की n वजा १ ने? सूत्र पाठ असतं, कॅल्क्युलेटरवर बटण भलतंच दाबलं जातं. फळ्यावर तीनच आकडे घ्या: ४, ६, ८. सरासरी ६, फरकांचे वर्ग ४, ०, ४, बेरीज ८. तीनने भागून वर्गमूळ काढलं तर १.६३, दोनने भागून काढलं तर २. हे हाताने केल्यावर कॅल्क्युलेटरची दोन्ही बटणं दाबायला लावा, कुठलं कशाचं ते तिथेच कळतं. आकडे मोठ्या गटातून घेतलेला नमुना असेल तर २, हाती आहे तीच पूर्ण समष्टी (सगळा गट) असेल तर १.६३. मोठ्या आकड्यांचं उदाहरण आधी घेतलं की हा फरक दशांशात हरवून जातो.

तर्रीपोहे
आमच्याकडे वर्गात १२० पोरं हायेत सर, एवढ्या चिठ्ठ्या कवा वाचाव्या बाप्पा?

खडूफळा
सगळ्या वाचा, पण उतरवून काढू नका. अडलेल्या पायरीचा एक शब्द कागदावर, पुढे फक्त रेघा. पाऊण तासात होतं.

इतवारीकर
एक राहिलं राजेहो. पोळा, दुसऱ्या दिवशी मारबत (आमच्या नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक), लगेच गणपती, अर्धं सत्र नेमकं याच काळात येतं. मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीतली पोरं वर्गात येत नसतात. त्या आठवड्यात नवा भाग सुरू करू नका, सोडवलेली गणितं घ्या.

तर्रीपोहे
काळी-पिवळी दोन्ही मारबती पाहायच्या तर वर्ग कसा भरन 😄

वेलांटी
मराठीचा पेपर. पोरं 'गरीबाला' लिहितात. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, फूल-फुलाला असे जोड शेजारी शेजारी लिहा. प्रत्यय लागला की आधीचं दीर्घ ऱ्हस्व होतं. मग लगेच शरीर-शरीराला. तो तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) शब्द, म्हणून दीर्घच राहतो. अपवाद त्याच तासाला नाही दिला तर पुढच्या वहीत 'शरिराला' येतं.

खडकपाणी
भूशास्त्र. कॅल्साइट आणि क्वार्ट्झ, दोन्ही पांढरे, पोरं रंगावर जातात. आधी चाकू. कॅल्साइटची कठिणता (१ ते १० च्या मापावर) ३, ओरखडा पडतो. क्वार्ट्झची ७, उलट त्याच्यावर चाकूच्याच लोखंडाची रेघ उमटते आणि पोरांना तो ओरखडा वाटतो. बोटाने पुसून पाहायला लावा, पुसली गेली तर ती लोखंडाची. मग सौम्य हायड्रोक्लोरिक, कॅल्साइट लगेच फसफसतो. डोलोमाइट अख्खा असताना जवळजवळ गप्प बसतो, पूड केली की बुडबुडे येतात.

वेलांटी
ब्युरेटवाली मॅडम, विषय सोडून विचारते, आमच्या बाजूच्या प्रयोगशाळेतली ब्युरेटं आतून तपकिरी झालीत. फेकायची का?

ब्युरेटवाली
मुळीच नको. कोमट ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये थोडं सौम्य सल्फ्युरिक घालून भरा, डाग विरघळून जातात. मग नळाचं पाणी, शेवटी डिस्टिल्ड. आणि रबरी नळीचं ब्युरेट परमँगनेटला वापरू देऊ नका, रबर खातं ते. काचेच्या तोटीचंच हवं. तोटीला व्हॅसलीन दोन्ही टोकांना अगदी पातळ लावा, भोकाजवळ नाही, नाहीतर भोक बुजतं.

वेलांटी
सांगते त्यांना. उद्याच बॅच आहे.