मदत हवी आहे: डबीच्या पिनहोल कॅमेऱ्यात फिल्म जागेवर राहत नाही

बामच्या रिकाम्या डबीपेक्षा जरा मोठी, ५५ मिमी व्यासाची आणि ४० मिमी उंचीची गोल पत्र्याची डबी आहे. तिचाच पिनहोल कॅमेरा, म्हणजे भिंगाऐवजी बारीक छिद्रातून चित्र घेणारा कॅमेरा, केलाय. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा घासून पातळ केला, सुईच्या टोकाने साधारण ०.३ मिमीचं छिद्र पाडलं आणि ते आतून चिकटवलं. आतून काळा मॅट रंग दिला. छिद्र एफ/१८० च्या आसपास येतं (म्हणजे समोरच्या फिल्मपर्यंतचं अंतर छिद्राच्या व्यासाच्या साधारण १८० पट), म्हणून १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता) फिल्मला कडक उन्हात दोन-तीन सेकंद प्रकाश देतोय. इथपर्यंत ठीक.

घोडं अडलंय फिल्मपाशी. ३५ मिमी रोलचा आठेक सेंटिमीटरचा तुकडा कापून, इमल्शनची (प्रकाश टिपणाऱ्या थराची) बाजू छिद्राकडे ठेवून आतल्या भिंतीला लावतो. अर्थात मिट्ट काळोखात, सगळं बोटांच्या अंदाजाने. पण रोलच्या आतल्या टोकाचा तुकडा इतका गुंडाळतो की झाकण लावेपर्यंत भिंत सोडून मध्ये येतो. काल सहापैकी दोन निगेटिव्हवर अर्धं चित्र कोरं. साध्या चिकटपट्टीने धरून ठेवला, तर काढताना इमल्शनवर ओरखडे. दुहेरी चिकटपट्टी पाठीमागे लावली, तर तिचा गोंद डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात)! तेव्हापासून तिचं नावच काढत नाही.

कोणी कार्डबोर्डच्या खाचा किंवा पट्ट्या बसवल्या आहेत का? ४० मिमी उंचीत ३५ मिमी फिल्म, म्हणजे वर-खाली जेमतेम अडीच मिमी उरतात.

आणि एक, निगेटिव्हच्या एका कडेला चंद्रकोरीसारखा काळा डाग येतो. झाकणाच्या फटीतून प्रकाश शिरतोय असं वाटतं. काळी इन्सुलेशन टेप एक वेढा पुरते की दोन?