सोलरची किती पॅनेल लागतील? (सातारा, माची पेठ)

माचीकर
नमस्कार मंडळी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला दोन मजली घर आहे, वर मोकळी गच्ची. सोलर बसवायचंय. एक जण येऊन खोल्या मोजून गेला आणि ५ किलोवॅट सांगून मोकळा झाला. दुसरा म्हणतो ३ पुरे. आपलं आपल्याला काढता येतं का? घरात पाच माणसं, फ्रीज, गीझर, पाण्याची मोटर. एसी नाही.

कृष्णाकाठ, सांगली
खोल्या कशाला मोजल्या, रंग द्यायचाय का? महावितरणचं बिल काढा, त्यात मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो. बारा महिन्यांची युनिटं मिळवा आणि बाराने भागा. एकट्या मे महिन्याचं बिल धरू नका, तेव्हा पंखे दिवसरात्र फिरत असतात.

आपल्याकडे १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे महिन्याला १२०. आषाढ-श्रावणात बरंच घटतं, पण नेट मीटरिंगमध्ये (जादा बनलेली वीज महावितरणकडे जाते आणि तेवढी युनिटं आपल्या नावावर जमा होतात) एप्रिल-मेची शिल्लक पुढे ओढली जाते, ती तेव्हा कामी येते. हिशेब मार्चअखेर मिटतो. त्या वेळी उरलेल्या युनिटांना दर किरकोळ मिळतो, त्यामुळे वीज विकून कमवीन म्हणून मोठं बसवू नका.

माचीकर
बेरीज केली. वर्षाची २,६१६ युनिट.

कृष्णाकाठ, सांगली
महिन्याला २१८. भागिले १२०, झाले १.८. म्हणजे २ किलोवॅट. ५४० वॅटची चार पॅनेल घेतलीत की २.१६ होतात. ५ चं काय लोणचं घालायचंय? केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ ला ७८,०००. त्यापुढे कितीही वाढवा, ७८,००० च. कोटेशनवर डीसीआर पॅनेल लिहून घ्या, म्हणजे आतले सेलही भारतातच बनलेले. ते नसतील तर अनुदान नाही.

कंदीपेढा
काका, हिशेब बरोबर, पण माची पेठ आहे ही. किल्ला दक्षिणेला, पॅनेलची तोंडंही दक्षिणेला, आणि हिवाळ्यात सूर्यसुद्धा तिकडूनच खालून जातो. माचीकर, डिसेंबरात तुमच्या गच्चीवर ऊन कितीला येतं आणि कितीला जातं? डोंगर तास-दीड तास खात असेल तर एक पॅनेल वाढवा. किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते, तीही बिनसावलीची. टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी ओळीतली बाकीचीही मार खातात.

माचीकर
ऊन उशिरा येतं खरं. टाकी जिन्यावर, उत्तरेच्या बाजूला आहे. आणि लाईट गेली की हे चालतं ना? आई तेवढंच विचारतेय.

कृष्णाकाठ, सांगली
नाही चालत. आईंना आत्ताच सांगा, नंतर बोलणी खाल. महावितरणची वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, आपणहून बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीतला करंट बसेल. बॅटरीवालं हायब्रिड घेतलं तर चालेल, पण खर्च बराच वाढतो.

मिरजेची_सून
पुढे स्कूटर घेणार असाल तर तीही आत्ताच धरा. आमची फुल चार्जला ३ युनिट खाते, दिवसाआड लावली की महिन्याला ४५. नंतर पॅनेल वाढवायची म्हणजे परत अर्ज, परत हेलपाटे. आणि इकडे गळीत हंगामात पाचटाची काजळी बसते, तुमच्याकडे धूळ असेल. पहाटे काच गार असताना साध्या पाण्याने धुवायचं.

माचीकर
स्कूटर दिवाळीला येतेय. मग ५४० ची पाच, २.७ किलोवॅट. ३ वाल्याला उद्या गच्चीवर बोलावतो, सकाळी आठला, म्हणजे सावली त्यालाच दाखवता येईल.

कंदीपेढा
आठला यायचा नाही तो. साडेनऊ धरा.